दोह्यातील कडू पेला : इटलीचे आमारो, भिंतीवरची चित्रे आणि कतारचा कायदा

मिलान शहरात कॅफे, मद्य आणि चित्रकार यांचा घरोबा शंभर वर्षांहून जुना आहे. दोह्यातही हे तिन्ही आहेत, पण इथे त्यांच्यामध्ये कायद्याची भिंत उभी आहे. शहरातील संग्रहालयांच्या उपाहारगृहांत मद्य मिळत नाही. मद्य मिळते ते परवानाधारक हॉटेलांच्या दारांआड. त्यामुळे इटलीची कडू मद्ये आणि त्यांच्याभोवती वाढलेली चित्रकला एकाच दालनात मांडणारा कॉकटेल बार ही कतारमध्ये निव्वळ करमणुकीची जागा राहत नाही. येथे वेगळे ठेवलेले दोन प्रांत तिथे काही तासांपुरते एकत्र येतात आणि त्या भेटीच्या अटी कायदा ठरवतो.

अशा ठिकाणी जाणाऱ्याला पेय, चित्र आणि कायदा या तिन्हींची ओळख असलेली बरी. पहिल्या दोहोंविषयीच्या अज्ञानाने फार तर संध्याकाळ फिकी पडते. तिसऱ्याविषयीचे अज्ञान मात्र नोकरीवर आणि निवास परवान्यावर बेतू शकते. आखातात नव्याने आलेल्या, किंवा कामानिमित्त दोह्यात दोन-चार दिवस उतरणाऱ्या मराठी व्यावसायिकांसाठी या तिन्ही बाबींचा हा परिचय.

आमारो म्हणजे काय

इटालियन भाषेत ‘आमारो’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘कडू’. वनस्पतींची मुळे, साली, पाने, फुले आणि फळांच्या साली मद्यार्कात भिजवून, कधी त्यांचा अर्क ऊर्ध्वपातनाने काढून, नंतर त्यात साखर आणि पाणी घालून हे पेय तयार होते. काही प्रकार लाकडी पिंपांत मुरवतात. युरोपीय संघाच्या २०१९च्या मद्यपेय नियमावलीत कडू चवीच्या मद्यपेयाला किमान १५ टक्के मद्यार्काची अट आहे. लिकर म्हणवून घ्यायचे असेल तर त्याशिवाय लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखरही लागते. म्हणजे आमारो कडू असते तितकेच गोडही असते. पहिल्या घोटात गोडवा पुढे येतो, कडवटपणा मागून येतो आणि रेंगाळतो.

या कुटुंबातील काही नावे दोह्यातील इटालियन उपाहारगृहांच्या पेयपत्रिकेतही आढळतात. मिलानचे रामाझोत्ती १८१५चे, फर्नेट-ब्रांका १८४५चे. काम्पारीचा जन्म १८६०मध्ये नोव्हारा गावी झाला. सिसिलीतील काल्तानिसेत्ता येथील आव्हेर्ना १८६८चे, तर बोलोन्याचे मोंतेनेग्रो १८८५चे. पादुआचे आपेरोल १९१९मध्ये आले आणि आर्टिचोकच्या पानांचा अर्क वापरणारे चिनार १९५२मध्ये. मद्यार्काच्या प्रमाणात यांच्यात मोठे अंतर आहे. आपेरोलमध्ये ते ११ टक्के असते, त्यामुळे वर सांगितलेल्या व्याख्येत ते बसतही नाही. चिनार साडेसोळा टक्क्यांचे, मोंतेनेग्रो २३चे, आव्हेर्ना २९चे आणि फर्नेट-ब्रांका थेट ३९ टक्क्यांचे, म्हणजे जवळजवळ व्हिस्कीच्या तोडीचे. काम्पारीचे प्रमाण देशागणिक बदलते. अनेक ठिकाणी ते २५ टक्के असते. बाटल्यांच्या रंगावरून यातला कोणताच फरक कळत नाही.

जेवणाआधी घ्यायचे ते ‘आपेरितिव्हो’ आणि जेवणानंतरचे ‘दिजेस्तिव्हो’ अशी इटलीतील विभागणी आहे. काम्पारी आणि आपेरोल पहिल्या गटात मोडतात. आव्हेर्ना आणि फर्नेट दुसऱ्या. यांच्याच शेजारी दिसणारा व्हर्मूथ मात्र आमारो नव्हे. तो वनस्पतींचा सुगंध दिलेला द्राक्षमद्याचा प्रकार आहे.

परकी बाटली, ओळखीच्या वनस्पती

मराठी माणसाला कडू चव परकी नाही. पाडव्याला कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खाणारा, कारल्याची आणि मेथीची भाजी आवडीने रांधणारा हा समाज आहे. आयुर्वेदातील सहा रसांत या चवीचे नाव ‘तिक्त’ आहे. ‘कटु’ हा तिथे तिखटाचा वाचक आहे. मराठीने ‘कटु’पासून ‘कडू’ शब्द घडवला आणि तो तिक्त रसाला दिला. अर्थाचा हा पालट लक्षात ठेवला, तर जुन्या वैद्यकीय ग्रंथांतील वर्णने वाचताना गोंधळ होत नाही.

आमारोतील वनस्पतींची नावे लॅटिन वा इटालियन असली, तरी त्यांपैकी अनेकींचे सगेसोयरे आपल्या आजीच्या बटव्यात होते. या मद्यांचा कणा असलेली जेन्शियन ही आल्प्स पर्वतातील वनस्पती आपल्या काडेचिराइताच्याच कुळातली आहे. वर्मवूड ही कडू वनस्पती आणि चैत्रात देवाला वाहिला जाणारा दवणा या दोन्ही एकाच प्रजातीच्या जाती. फर्नेट-ब्रांकाचे उत्पादक आपल्या २७ घटकांपैकी ज्यांची नावे सांगतात, त्यांत कोरफड, रेवाचिनी, केशर आणि हिराबोळ आहेत. बाळंतिणीला बोळ देण्याची रीत ज्यांच्या घरी होती, त्यांना फर्नेटचा वास नाकाशी येताच काहीतरी जुने आठवेल. सिंकोनाची साल, जिच्यापासून कोयनेल निघते, हीदेखील याच यादीत आहे. दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या सिंकोनाची लागवड ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निलगिरीच्या डोंगरांत केली होती.

रंगाविषयी एक बाब शाकाहारी वाचकांना माहीत असावी. काम्पारीचा प्रसिद्ध लाल रंग दीर्घकाळ कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढला जात असे. २००६पासून बहुतेक बाजारपेठांत त्याऐवजी कृत्रिम रंग वापरला जातो. इतर लाल मद्यांबाबत मात्र असे सरसकट विधान करता येत नाही. काही लहान उत्पादक परंपरेचा भाग म्हणून आजही कोचिनील वापरतात आणि ते अभिमानाने सांगतात. जैन किंवा काटेकोर शाकाहारी पाहुणा सोबत असेल, तर बारटेंडरला बाटली दाखवायला सांगून लेबल वाचणे इष्ट. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

औषध की मद्य

कडू मद्यांचा इतिहास औषधालयातून सुरू होतो. मठांतील वनौषधींचे काढे, मग औषधविक्रेत्यांची पोटदुखीवरची पेये, मग कॅफेमधील पेला असा हा प्रवास आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी असताना फर्नेट-ब्रांका औषध म्हणून विकले जात होते. औषध आणि मद्य यांच्यातील ही धूसर रेषा महाराष्ट्रालाही ठाऊक आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा १९५१च्या बलसारा खटल्यात न्यायालयाने कायदा बव्हंशी कायम ठेवला. पण मद्यार्कयुक्त औषधी आणि प्रसाधने यांना लागू होणारी बंधने रद्द केली. आपली आसवे आणि अरिष्टे याच रेषेवर उभी आहेत. द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट यांत मद्यार्क बाहेरून घातला जात नाही. तो आंबवण्याच्या क्रियेत आपसूक तयार होतो आणि त्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते.

हा तपशील कतारमध्ये नुसता रंजक राहत नाही. देशात येणाऱ्या प्रवाशाला कोणतेही मद्य सोबत आणण्यास मनाई आहे. वेष्टनावर मद्यार्काची टक्केवारी छापलेली अरिष्टाची बाटली सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर ठेवून आयुर्वेदाची परंपरा समजावण्याची वेळ येऊ देऊ नये. असे औषध मायदेशीच ठेवून यावे आणि गरज पडल्यास येथील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आमारो पचनास मदत करते, हा समजही या औषधी वारशातूनच आला. कडू चवीने लाळ सुटते हे खरे. पण मद्य घेण्याचे समर्थन म्हणून तेवढे पुरत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले आहे. ‘दिजेस्तिव्हो’ या नावाकडे औषधाचे नाव म्हणून न पाहता जेवणाच्या रिवाजाचे नाव म्हणून पाहावे.

भिंतीवर जे दिसते त्याची पूर्वपीठिका

इटालियन धाटणीच्या बारमध्ये भिंतीवर लाल-पिवळी जुनी भित्तिचित्रे लावण्याची पद्धत जगभर आहे. ती पाहताना ही सजावट कुठून आली, हे ठाऊक असले तर बरे. कडू मद्यांच्या उत्पादकांना सुरुवातीपासून एक अडचण होती. सर्वांची पेये साधारण सारखीच, त्यांच्या कृती गुप्त आणि चव पहिल्या भेटीत न रुचणारी. ग्राहकाला पहिल्यांदा वळवायचे, तर ते डोळ्यांच्या वाटेनेच शक्य होते. म्हणून त्यांनी चित्रकारांना काम दिले.

१९२१मध्ये लिओनेत्तो काप्पिएल्लो यांनी काम्पारीसाठी केलेल्या भित्तिचित्रात संत्र्याच्या सालीच्या वेटोळ्यातून एक लालभडक विदूषक बाहेर झेपावतो. पार्श्वभूमी गडद, मजकूर जवळजवळ नाही. रस्त्याने जाणाऱ्याची नजर क्षणभरात पकडावी, हा त्यामागचा विचार. चित्रमुद्रणाच्या ज्या तंत्राने ही भित्तिचित्रे छापली गेली, त्याच शिळाछापाच्या तंत्राने राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून देवदेवतांच्या तसबिरी घरोघरी गेल्या होत्या. तो छापखाना १८९४मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीत गेला. चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यातून सामान्याच्या नजरेसमोर आणण्याचे काम मुंबईत देवाने केले आणि मिलानमध्ये मद्याने, असे म्हणायला हरकत नाही.

यापुढचे पाऊल फोर्तुनातो देपेरो यांनी टाकले. भविष्यवादी चळवळीतील या चित्रकाराने १९२६च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात सोड्यासह काम्पारीचे एक चित्र मांडले आणि ते जाहिरातचित्र आहे हे उघडपणे जाहीर केले. जाहिरात ही कलेची धाकटी बहीण नसून येणाऱ्या काळाची कलाच आहे, अशी भूमिका त्यांनी १९३१च्या आपल्या जाहीरनाम्यात घेतली. १९३२मध्ये बाजारात आलेल्या काम्पारी सोडाची लहान, शंकूच्या आकाराची बाटली त्यांच्याच कल्पनेतून उतरली. तिच्यावर कागदी लेबल नाही. नाव काचेतच उठवलेले आहे. ही बाटली आजही त्याच आकारात मिळते. बारच्या फळीवर ती दिसली, तर ती हातात घेऊन पाहावी. संग्रहालयात काचेआड ठेवलेली वस्तू येथे मेजावर येते.

१९६४च्या नोव्हेंबरमध्ये मिलानची पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा ब्रूनो मुनारी यांनी ‘काम्पारी’ हे नाव वेगवेगळ्या आकारांत कापून, जोडून एक भित्तिचित्र केले. धावत्या गाडीतून तुकडा दिसला तरी नाव वाचता यावे, हा त्याचा हेतू. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतले आहे.

या साऱ्याचे मूळ स्थान पाहायचे असेल, तर मिलानच्या व्हित्तोरियो एमानुएले गॅलरीतील ‘काम्पारिनो’ बार आहे. दाविदे काम्पारी यांनी तो १९१५मध्ये सुरू केला. आंजेलो द’आंद्रेआ यांचे भिंतीवरील मोझाइक, आलेस्सांद्रो माझ्झुकोतेल्ली यांचे लोखंडी नक्षीकाम आणि एउजेनियो क्वार्ती यांचे लाकूडकाम तेथे पाहता येते. शहराच्या उत्तरेला सेस्तो सान जोव्हान्नी येथे कंपनीचे स्वतःचे संग्रहालय २०१०पासून आहे. मिलानमधील प्राडा फाउंडेशनच्या आवारातील ‘बार लूचे’ हा २०१५मधला बार चित्रपट दिग्दर्शक वेस अँडरसन यांनी आखला. कलाविषयक बार म्हणून जगभर जे काही उभे राहते, त्याचे हे पूर्वज आहेत.

दोह्यातील इटली आणि दोह्यातील कला

कतारला इटलीची ओढ जुनी आहे. २००६मध्ये उघडलेल्या विलाजिओ मॉलमध्ये कालवा आहे आणि त्यात गोंडोला फिरतात. पर्ल बेटावरील कनात क्वार्टियर हा भाग व्हेनिसच्या धर्तीवर बांधलेला आहे. हे अनुकरण झाले; भांडवलाची गुंतवणूक त्याहून खोल आहे. मिलानमधील पोर्ता नुओव्हा हा उंच इमारतींचा परिसर २०१५मध्ये कतारच्या सार्वभौम निधीच्या पूर्ण मालकीचा झाला. व्हालेंतिनो या फॅशनगृहात कतारी भांडवल २०१२पासून आहे आणि त्याच नावाचे मोठे प्रदर्शन २०२२मध्ये मशीरब भागातील ‘एम सेव्हन’मध्ये भरले होते. ज्या शहराची मालमत्ता मिलानमध्ये आहे, त्या शहरात मिलानची संध्याकाळ येऊन पोहोचली यात नवल नाही.

कलेच्या बाबतीत तर दोहा आज आखातातील अग्रगण्य शहरांपैकी एक आहे. आय. एम. पेई यांचे इस्लामी कला संग्रहालय २००८मध्ये, अरब आधुनिक कलेचे ‘मथफ’ २०१०मध्ये आणि जाँ नुव्हेल यांचे राष्ट्रीय संग्रहालय २०१९मध्ये खुले झाले. रिचर्ड सेरा यांच्या पोलादी उभ्या पट्ट्या २०१४पासून झेक्रीतजवळच्या वाळवंटात उभ्या आहेत. इस्लामी कला संग्रहालयातील अलँ द्युकास यांचे ‘इदाम’ हे उपाहारगृह उंची फ्रेंच पाककलेसाठी ओळखले जाते. पण तेथे मद्य दिले जात नाही. वर उल्लेखलेली भिंत ती हीच.

या कलानगरीशी मराठी मातीचा एक थेट धागा जुळलेला आहे. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी २०१०मध्ये कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. एज्युकेशन सिटीत त्यांची ‘सीरू फी अल अर्द’ ही भव्य कृती २०१९पासून पाहता येते. त्यांना वाहिलेले ‘लौह व कलम’ हे संग्रहालय तेथेच नोव्हेंबर २०२५मध्ये सुरू झाले. हुसेन यांनी मुंबईत उमेदवारीच्या काळात सिनेमाचे फलक रंगवले. रस्त्यावरचा फलक आणि प्रदर्शनातील चित्र यांत देपेरो यांनी जी भिंत मानली नाही, ती हुसेन यांनी पोटासाठी ओलांडली. बारच्या भिंतीवरची जाहिरातचित्रे ‘खरी कला’ नव्हेत असे वाटत असेल, तर आधी एज्युकेशन सिटीत जाऊन यावे आणि मग बारमध्ये बसावे. दिवसाचा क्रम असाच ठेवणे सोयीचेही आहे.

हॉटेल आणि कला यांच्या संगमाचे एक ठळक उदाहरण कॉर्निशवर आहे. पूर्वीच्या गृहमंत्रालयाच्या इमारतीत २०२२मध्ये ‘द नेड’ हे हॉटेल सुरू झाले. मूळ इमारत लेबनीज वास्तुविशारद विल्यम सेदनावी यांची. तिचे रूपांतर डेव्हिड चिपरफील्ड यांच्या कार्यालयाने केले. आत या प्रदेशातील कलावंतांच्या कृतींचा संग्रह आहे आणि ‘चेक्कोनीज’ हे इटालियन उपाहारगृहही आहे. कोणत्याही हॉटेलात जाण्यापूर्वी प्रवेशाचे नियम, पोशाख आणि त्या आठवड्यातील वेळा फोन करून विचाराव्यात. त्या बदलत राहतात.

कायदा : जे ठाऊक असलेच पाहिजे

महाराष्ट्रातून आलेल्यांना मद्याचा परवाना ही कल्पना नवी नाही; ‘परमिट रूम’ हा शब्द आपल्याकडे रस्तोरस्ती पाट्यांवर आहे. पण आपल्याकडचा परवाना बहुधा कागदोपत्री राहतो. कतारमध्ये नियम हे पाळण्यासाठीच असतात.

परवानाधारक हॉटेल, बार आणि उपाहारगृहांत वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्यांनाच मद्य दिले जाते. मूळ ओळखपत्र, म्हणजे कतारचे निवास ओळखपत्र किंवा पारपत्र, जवळ हवे. मोबाइलमधील छायाचित्र पुरेलच असे नाही. घरी मद्य ठेवायचे, तर बिगरमुस्लिम रहिवाशांसाठी कतार डिस्ट्रिब्युशन कंपनीच्या परवान्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. त्यासाठी रोजगारदात्याचे पगार दर्शवणारे पत्र लागते आणि खरेदीची मर्यादा पगाराशी निगडित असते. तेथून घेतलेली बाटली दुसऱ्याला देता वा विकता येत नाही. मित्राच्या घरी भेट म्हणून आमारोची बाटली नेणे ही युरोपात सभ्यता असेल. येथे ती परवान्याच्या अटींचा भंग आहे.

सार्वजनिक ठिकाणी मद्यपान केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ३,००० रियालपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नशेत सार्वजनिक जागी वावरणे हाही गुन्हाच. म्हणजे हॉटेलच्या आत जे वैध आहे, त्याचाच परिणाम हॉटेलच्या दाराबाहेर गुन्हा ठरू शकतो. मद्य घेऊन गाडी चालवण्याबाबत तर किंचितही सवलत नाही. ‘एकच घेतला होता’ हा बचाव येथे नाही. टॅक्सी किंवा २०१९पासून सुरू असलेली मेट्रो यांचा विचार घरून निघतानाच करावा. परदेशी नागरिकाच्या बाबतीत अशा प्रकरणाचा शेवट हद्दपारीतही होऊ शकतो आणि मग प्रश्न एका माणसाच्या नोकरीपुरता उरत नाही. मुलांची शाळा आणि मायदेशीचे कर्जाचे हप्तेही त्यात येतात.

मुस्लिम व्यक्तीसाठी मद्यपान हा येथे शरियतनुसार दंडनीय अपराध आहे. त्यामुळे सहकाऱ्याला ‘एक घोट घ्या’ असा आग्रह करणे म्हणजे त्याला संकटात लोटणे. आपल्याकडचा पंगतीतला आग्रह येथे घरीच ठेवावा. रमजानच्या महिन्यात हॉटेलांतील मद्यविक्री थांबते. बारमध्ये इतरांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीशिवाय काढू नयेत. खासगीपणाचा भंग येथे गुन्हा मानला जातो. भित्तिचित्राचे छायाचित्र घेताना मागे बसलेली मंडळी चौकटीत येत नाहीत ना, हे पाहावे.

नियम रातोरात बदलू शकतात, हेही ध्यानात असावे. डिसेंबर २०११मध्ये पर्ल बेटावरील उपाहारगृहांची मद्यविक्री अचानक थांबवण्यात आली. १ जानेवारी २०१९पासून १०० टक्के अबकारी कर लागू झाला आणि परवान्यावरील मद्याच्या किमती जवळपास दुप्पट झाल्या. २०२२च्या विश्वचषकात स्पर्धा सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी, १८ नोव्हेंबरला, स्टेडियमच्या आवारातील बिअरविक्री रद्द झाली. गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबून पाहुण्यांना शब्द देऊ नये.

मेजावर बसल्यावर

पहिल्यांदा जाणाऱ्याने सौम्यापासून तीव्राकडे जावे. सोडा, बर्फ आणि संत्र्याची फोड यांसह काम्पारी हा सर्वांत सरळ परिचय. देपेरो यांच्या चित्रातला पेलाही हाच. काम्पारी, गोड व्हर्मूथ आणि सोडा यांचे मिश्रण म्हणजे ‘अमेरिकानो’. त्यात सोड्याऐवजी जिन आली की ‘नेग्रोनी’ होते. १९१९च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या कॅफे कासोनीत काउंट कामिल्लो नेग्रोनी यांच्या मागणीवरून ते जन्मले, असे सांगतात. तिन्ही घटक समसमान, ३० मिलिलिटर प्रत्येकी, हे त्याचे प्रमाण.

येथे थोडा हिशेब उपयोगी पडेल. ४० टक्क्यांची जिन, २५ टक्क्यांचे काम्पारी आणि सुमारे १६ टक्क्यांचा व्हर्मूथ धरला, तर एका नेग्रोनीत जवळपास १९ ग्रॅम शुद्ध मद्यार्क येतो. ६० मिलिलिटर आपेरोल आणि ९० मिलिलिटर प्रोसेको घातलेल्या स्प्रिट्झमध्ये तो सुमारे १३ ग्रॅम असतो. स्प्रिट्झचा पेला मोठा आणि नेग्रोनीचा लहान. डोळ्यांना दिसते त्याच्या नेमके उलट. आव्हेर्ना किंवा मोंतेनेग्रो जेवणानंतर बर्फावर थोडेसे घेतात. फर्नेट पहिल्याच भेटीत मागवू नये. त्याची गाठ उशिरा पडलेली बरी.

मद्य न घेणाऱ्यांनाही या चवीपासून वंचित राहण्याचे कारण नाही. इटलीतच १९६०च्या दशकात ‘क्रोदिनो’ आणि ‘सानबित्तेर’ ही मद्यार्कविरहित कडू पेये आली. किनोत्तो या लहान, कडसर संत्र्याच्या जातीच्या फळापासून केलेले सरबतवजा पेयही जुने आहे. पत्रिकेत ती नसली, तरी विचारून पाहावीत. साखरेचे प्रमाण मात्र तपासावे.

कार्यालयातील मंडळींना मेजवानी देताना या पेयांचे मोल कळते. एकाच मेजावर उपवास करणारी व्यक्ती, शाकाहारी, गाडी घेऊन आलेला मित्र आणि मद्याला हात न लावणारे वडीलधारे असू शकतात. सानबित्तेरचा रंग काम्पारीइतकाच लाल असतो. मोठा बर्फाचा खडा आणि संत्र्याची साल घातलेल्या पेल्यांत कोणाच्या हाती काय आहे, हे ओळखू येत नाही आणि कोणाला उत्तरही द्यावे लागत नाही. मुस्लिम सहकाऱ्याला मात्र मुळात बारमध्ये बोलावण्यापूर्वी त्याची सोय खासगीत विचारावी. तो नको म्हणाला, तर त्याच मंडळींनी दुपारी संग्रहालयात भेटावे. कलेचा अर्धा भाग तिथे आहेच, आणि तिथे जाण्यासाठी कोणाला परवाना लागत नाही.